मडकं वाजवून घ्या, मजुरी मोजून द्या

नवघरच्या महिला बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

आजचा विषय आहे मातीच्या भांड्यांचा. गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गटांतून एकच प्रश्न आमच्याकडे आला. "शहरात मातीची भांडी पुन्हा चालायला लागलीत म्हणे. हॉटेलात हंडी, चहाला कुल्हड, दिवाणखान्यात मातीचे दिवे. मग आपल्या गटाने हा धंदा धरावा का?"

धरावा. पण धरण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतील. एक, आजच्या घराला कसलं भांडं लागतं. दुसरी, त्या भांड्यात कुणाकुणाची मेहनत असते आणि पैसे कुणाच्या हातात पडतात. आजचं बोलणं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी आपल्या मुलखाचं थोडं सांगतो. आमचं नवघर भाईंदर पूर्वेला. आता इमारती इतक्या झाल्या आहेत की आपण बेटावर राहतो हे लक्षातही राहत नाही. पण उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र. मधे हे साष्टी बेट. सहासष्ट गावांचं म्हणून साष्टी, असं जुनी माणसं सांगतात. भाईंदरहून गाडीने नायगावकडे निघालं की पुलावरून खाली पाणजू दिसतं, तेही बेटच. भातशेती, मिठागरं, मासळी आणि ताडी-माडी यांवर इथली गावं जगली. आणि या सगळ्या कामांना मडकं लागायचं.

खाडी ओलांडून पुढे गेलं की नालासोपारा. आज तिथे गर्दीचं स्टेशन आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. तिथे एक टेकाड होतं, लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय असावं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले असावेत, असं भगवानलालांचं मत होतं. म्हणजे आपल्या शेजारच्या गावात एकेकाळी लोकांनी खापराचे तुकडे सोन्यात ठेवले होते. मातीचं भांडं म्हणजे गरिबाचं, हलकं, असं आज कुणी म्हणालं तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

आता आपल्या घरात कायकाय होतं ते आठवून बघा. पाण्याचा माठ आणि रांजण. कालवणाची हंडी. भाकरीचं खापर. झाकायला वेळणी. संक्रांतीला सुगड, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्ताशांची बोळकी. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घडा. पोरींच्या भातुकलीत इवलीशी चूल. माणूस गेल्यावर शेवटी खांद्यावर मडकंच. ताडाच्या झाडावर बांधायलाही मडकं आणि रायगडकडे थंडीत पोपटी लावायलाही मडकंच. पोपटी तुम्हाला ठाऊकच असेल. वालाच्या शेंगा नि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात दाबून भरायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात.

या प्रत्येक भांड्याचा घाट वेगळा आहे, आणि त्यामागे कारण आहे. घागरीचं तोंड अरुंद, कारण विहिरीवरून कमरेवर आणताना पाणी हिंदकळू नये. हंडीचं बूड गोल, कारण ती तीन दगडांच्या चुलीवर बसायची आणि डोक्यावर चुंबळीत बसायची. शिवाय गोल बुडाला कोपरा नसतो. मातीच्या भांड्याला जिथे तीक्ष्ण कोपरा, तिथे आधी तडा. माठाची माती मुद्दाम सच्छिद्र ठेवायची, म्हणजे पाणी बाहेर पाझरून वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं.

शहरात याच विचाराला डिझाइन म्हणतात. त्याचं शिक्षण देणारी मोठमोठी कॉलेजं आहेत. पण वापर बघून घाट ठरवणं हे काम आपल्या कुंभारवाड्यांनी आणि आपल्या आज्ज्या-पणज्यांनी कितीतरी पिढ्या केलं. "गळा जरा अरुंद कर रे बाबा, पाणी सांडतं," असं कुंभाराला कुणी सांगितलं असेल? पाणी भरणाऱ्या बाईनेच ना?

आता भांडं बनतं कसं ते बघू. धंदा करायचा तर हे माहीत हवंच.

पहिली गोष्ट माती. खाडीकाठच्या मैत्रिणींना वाटेल, आपल्याकडे चिखलाला काय तोटा? पण खाडीच्या चिखलात मीठ असतं. भांडं वाळलं की ते मीठ वर येतं आणि पांढरे डाग पडतात. म्हणून कुंभार गोड्या पाण्याची माती शोधतो, तळ्याची, शेताची. शिवाय खाडीकाठची तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्या बाजूला कुदळ न्यायचीच नाही. धारावीच्या कुंभारवाड्यातही माती बाहेरून ट्रकने येते.

माती आणली की ती वाळवायची, फोडायची, चाळायची, खडे काढायचे, भिजत घालायची. मग राख किंवा लाकडाचा भुसा मिसळून पायाने तुडवायची, हाताने मळायची. मळताना हवा राहिली तर भट्टीत भांडं फुटतं. मग चाक. चाकावरून उतरलेलं भांडं थोडं सुकलं की आतून गोटा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने थापटून ते मोठं नि पातळ करायचं. मग सावलीत वाळवायचं, रोज फिरवत राहायचं. वर गेरूचा हात द्यायचा, घोटायचं. शेवटी आवा लावायचा, म्हणजे भट्टी. साध्या आव्यात ७०० ते ९०० अंशांपर्यंत उष्णता जाते. भांडी निघाली की निवडायची, मोजायची, पाटीत भरून बाजारात न्यायची.

आता या कामांची यादी मनात पुन्हा एकदा करा. चाळणं, भिजवणं, मळणं, वाळवणं, रंगवणं, घोटणं, निवडणं, विकणं. यातलं बहुतेक काम कुणी केलं? घरातल्या बाईने. चाकाला मात्र अनेक ठिकाणी बाईने हात लावायचा नाही, अशी रूढी होती. काही ठिकाणी ती अजून आहे. आणि ज्याच्या हातात चाक, त्यालाच लोक कारागीर म्हणतात.

आमच्या गटांना सुगडं आणि पणत्या पुरवणारं एक जोडपं खाडीपलीकडे राहतं. एका योजनेचा फॉर्म भरायला आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. मावशींना विचारलं, "मावशी, तुमचा व्यवसाय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "माझं काय लिहितेस? मी काही करत नाही. मी नुसती माती मळते." हे म्हणताना त्यांच्या कोपरापर्यंत माती होती. त्या दिवशी पहाटेपासून चाळीस मडक्यांची माती मळून झाली होती.

मैत्रिणींनो, 'नुसती माती मळते' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे हिशेब मांडताना ते आपल्याला लागणार आहे.

त्याआधी डिझाइनवाल्यांनी मातीच्या भांड्याचं काय केलं, ते थोडं बघू. हे काही आजचं नाही. मुंबईत जे. जे. कला शाळा १८५७ साली सुरू झाली. १८७० नंतरच्या काळात तिथले एक इंग्रज शिक्षक जॉर्ज टेरी यांनी भांडी बनवण्याचं काम उभं केलं. त्याला वंडरलँड आर्ट पॉटरी म्हणत. चकाकी दिलेल्या फुलदाण्या, सुरया, तबकं तिथे बनत. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी त्यांवर असे. युरोपातल्या प्रदर्शनांत ती भांडी गाजली. त्या काळातली काही भांडी भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. गटाची सहल काढाल तेव्हा ती जरूर बघा. टेरी साहेबांचं नाव पुस्तकांत आहे, शाळेचं नाव मोठं आहे. पण चाक फिरवणारे हात कुणाचे, माती मळणारे कुणाचे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याच मुंबई बेटावर दुसरी गोष्ट घडत होती. काठेवाडातून आलेले कुंभार मुंबईत स्थायिक झाले. शहर वाढलं तसे ते बाहेर सरकत गेले आणि १९३० नंतरच्या दशकात धारावीत वसले. धारावीचा कुंभारवाडा म्हणजे पुढे घर नि दुकान, मागे काम नि भट्टी. मुंबईतल्या कितीतरी घरांच्या पणत्या, माठ, कुंड्या तिथून येतात. आता तिथे पुनर्विकासाची चर्चा आहे. कुंभाराला फ्लॅट मिळेलही, पण चौथ्या मजल्यावर माती कुठे तुडवणार, मडकी कुठे वाळवणार आणि आवा कुठे लावणार? घर आणि कामाची जागा एकच असलेल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न कळेल. पापड वाळत घालायला गच्ची मिळत नाही म्हणून आपल्यातल्या किती जणींनी काम सोडलं!

या प्रश्नावर एका दूरच्या बेटाने उत्तर शोधलं. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा म्हणून बेट आहे. तिथे १६८२ साली राजाने वेगवेगळ्या ठिकाणच्या भट्ट्या त्सुबोया नावाच्या एका वस्तीत एकत्र आणल्या. जेवणाचे वाडगे, पाण्याची नि दारूची भांडी, छपरावर बसवायचे मातीचे सिंह असं सगळं तिथे बनायचं. १९३८ मध्ये जपानचे विचारवंत सोएत्सु यानागी तिथे गेले. रोजच्या वापराची, साध्या माणसांनी केलेली वस्तूच खरी सुंदर, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या लिहिण्याबोलण्यामुळे जगाचं तिकडे लक्ष गेलं.

पुढे शहर वाढलं आणि लाकडावरच्या भट्ट्यांच्या धुराची तक्रार सुरू झाली. आपल्या धारावीसारखंच. १९७० नंतर काही कुंभारांना शहर सोडावं लागलं. जिरो किंजो नावाचे कारागीर १९७२ साली योमितान नावाच्या गावी गेले. त्यांच्यामागून आणखी कुंभार गेले. १९८० साली चौघा कुंभारांनी मिळून उतारावर चढत जाणारी, अनेक खणांची एक मोठी सामाईक भट्टी बांधली. आज ते कुंभारांचं गाव म्हणून ओळखलं जातं आणि लोक मुद्दाम तिथे भांडी घ्यायला जातात. किंजो यांना १९८५ साली तिथल्या सरकारने राष्ट्राचा जिवंत ठेवा असा मान दिला.

यात आपल्याला घेण्यासारखं काय? सामाईक भट्टी. एकट्याला परवडत नाही ते चौघांनी मिळून करायचं. हे बचत गटातल्या बाईला कुणी शिकवायला नको. पण यानागींच्या बोलण्यातली एक गोष्ट आम्ही जरा तपासून घेतो. कारागीर अनाम असावा, त्यात सौंदर्य आहे, असं ते म्हणत. असेलही. पण अनाम माणसाला बँक कर्ज देत नाही. आपल्या मावशींचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवंच.

आता मुद्द्याचं. आजच्या घरासाठी भांडं कसं असावं?

पहिलं, रंगाच्या मोहात पडू नका. बाजारात चकचकीत ऑइलपेंटने रंगवलेले माठ मिळतात. मोर, फुलं, वेलबुट्टी. दिसायला छान, पण रंगाने मातीची छिद्रं बुजतात. पाणी पाझरलं नाही तर गार कसं होणार? आधीच आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत माठ विदर्भासारखा गार होत नाही. त्यात वर रंग, मग काय उरलं? माठाला नक्षी हवीच असेल तर गेरूची, खडूची, किंवा माती ओली असताना कोरलेली. तीही मानेपाशी, पोटावर नाही.

दुसरं, बूड. आज स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर होतो. गोल बुडाची हंडी तिथे डुगडुगते. म्हणून बूड थोडं चपटं हवं, पण कडेला गोलाई ठेवून, नाहीतर कोपऱ्याला तडा जाईल. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं की इंडक्शनच्या शेगडीवर मातीचं भांडं तापत नाही.

तिसरं, माप. आता घरात चार माणसं. दहा माणसांच्या कालवणाची हंडी कोण घेणार? एक लिटर, दीड लिटर अशी मापं ठेवा आणि सगळी एकसारखी ठेवा. दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो, "पुढच्या वेळी असंच मिळेल का?"

चौथं, झाकण. घट्ट बसणारं, धरायला बोंडं असलेलं. आपली वेळणी उत्तम, फक्त तिला धरायला जागा करा.

पाचवं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पोटात जाणाऱ्या वस्तूची काळजी. ज्या भांड्यात शिजवायचं किंवा प्यायचं त्याला आतून रंग, वॉर्निश किंवा न तपासलेली चकाकी लावायची नाही. कमी आचेच्या काही चकाकीत शिसं असतं. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक अशा आंबटाने ते अन्नात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. साधी, भाजलेली, आतून कोरी माती सगळ्यांत बरी. चकाकी हवीच असेल तर शिसं नसल्याचा तपासणी अहवाल मागून घ्या.

आणि विकताना भांड्यासोबत एक चिठ्ठी द्या. नवं भांडं रात्रभर पाण्यात ठेवा. मग त्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळा. आच हळूहळू वाढवा. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका. साबणाऐवजी राख किंवा काथ्या वापरा. ही चिठ्ठी दिली की "तुमचं भांडं फुटलं" म्हणून परत येणारी बरीच गिऱ्हाइकं कमी होतील.

आणखी एक. चाकाशिवायही पुष्कळ काही करता येतं. गुजरातेत वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी मातीचे तवे चाकाऐवजी दाबयंत्रावर करायला सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये त्यांनी विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज बनवला. वरच्या भागातलं पाणी झिरपतं आणि भाजी-दूध गार राहतं. म्हणजे माठाचंच काम, आजच्या स्वयंपाकघराच्या आकारात. साच्यातल्या पणत्या, दाबलेले तवे, पाट्या लाटून केलेल्या बशा यांना चाक लागत नाही. चाक कुणी धरायचं याचा वाद संपायची वाट बघत बसायला नको. आणि एखाद्या मुलीला चाक शिकायचं असेल तर शिकू द्या. विजेचं चाक बटणावर फिरतं.

आता हिशेब. वही-पेन्सिल घ्या, नाहीतर शेजारी लेकरू असेल तर त्याला लिहायला सांगा. हे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

समजा चाळीस हंड्या करायच्या आहेत. माती ७०० रुपये. भट्टीचं जळण ८०० रुपये. वाहतूक ५०० रुपये. झाले २,००० रुपये. चाकावरचं काम दोन दिवस, रोजचे ६०० धरले तर १,२०० रुपये. एकूण ३,२००. चाळीस हंड्यांनी भागलं की एक हंडी पडली ८० रुपयांना. व्यापारी येतो आणि ९० रुपये देऊ करतो. कुंभार म्हणतो, "दहा सुटतात, देऊन टाकू."

सुटतात का दहा? मावशींनी चाळलं, मळलं, वाळवलं, घोटलं, ते तीन दिवस कुठे लिहिले? त्याच ६०० रुपयांनी १,८०० होतात. एकूण झाले ५,०००. शिवाय भट्टीतून चाळीसच्या चाळीस धड निघत नाहीत. समजा आठ तडकल्या, उरल्या बत्तीस. ५,००० ला ३२ ने भागा. एक हंडी पडली १५६ रुपयांना. तीच हंडी ९० ला दिली तर प्रत्येक हंडीमागे ६६ रुपये घरातून गेले. ते गेले मावशींच्या मजुरीतून आणि फुटलेल्या आठ हंड्यांतून. फायदा वाटला तो बाईचा फुकटचा घाम होता.

म्हणून गटाने कुंभाराकडून माल घेताना मळणीची मजुरी दरात धरायची. आमच्या गटांत यावर बरीच वादावादी झाली. काही जणी म्हणाल्या, "दर चढला तर कोण घेईल? बाहेर स्वस्त मिळतंय." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्या खेपेला आमच्या हंड्या कमी खपल्या. पण ज्यांनी घेतल्या त्यांना आम्ही माप, झाकण, चिठ्ठी आणि करणाऱ्यांची नावं असं सगळं दिलं. चिठ्ठीवर दोन नावं असतात, चाक कुणाचं आणि माती कुणी मळली. आपलं नाव छापलेलं बघून मावशींनी ती चिठ्ठी देवघरात ठेवली. आणि पैसे? चाकाची मजुरी काकांच्या खात्यात, मळणीची मावशींच्या.

सरकारी योजनेचंही सांगतो. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत, कुंभारकाम त्यांपैकी एक. ओळखपत्र आणि प्रमाणपत्र मिळतं, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद केली आहे. नोंदणीआधी सध्याचे नियम सेवा केंद्रावर विचारून घ्या. मात्र एक गोष्ट नीट ऐका. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. म्हणजे फॉर्मवर एकच नाव. ते कुणाचं घालायचं हे घरात बसून ठरवा. सवयीने काकांचं नाव लिहून मोकळं होऊ नका. आणि काकांचं नाव गेलंच, तर मावशींचं काम गटाच्या वहीत रोजच्या रोज लिहा. तारीख, काम, तास, मजुरी. उद्या मावशींना स्वतःच्या नावावर कर्ज हवं असेल तर हीच वही पुढे ठेवता येईल.

एक विनंती. कुंभाराला बाजूला सारून हा धंदा करू नका. चार दिवसांच्या शिबिरात आपण पणती शिकू, पण माती ओळखायला आयुष्य जातं. गावात किंवा शेजारच्या गावात कुंभाराचं घर असेल तर आधी तिथे जा. बनवणं त्यांच्याकडे, माप-झाकण सुचवणं, बांधणी, चिठ्ठी आणि विक्री आपल्याकडे, अशी वाटणी करा. दोन्ही घरं चालतील.

आणि माल घेताना मडकं वाजवून घ्यायची आपली जुनी रीत सोडू नका. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं म्हणून सांगितलं, ही कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नीट भाजलेलं मडकं खणखणीत वाजतं. तडा गेलेलं किंवा कच्चं असेल तर बद्द आवाज येतो. चार मडकी वाजवलीत की कान तयार होतो.

या आठवड्यात प्रत्येक गटाने एवढं करा. बैठकीत दहा मिनिटं काढून आपल्या घरात मातीचं काय काय आहे, काय होतं आणि कोणतं का गेलं, याची यादी करा. जवळचं कुंभाराचं घर शोधा आणि तिथल्या बाईला विचारा, "मावशी, तुम्ही दिवसभरात काय काय करता?" त्या "काही नाही" म्हणाल्या तर उठू नका, बसून राहा. त्यांनी सांगितलेलं एकेक काम वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. हिशेब आपण मिळून मांडू.